हुकूमशाही देशात फिरायला जावं का?

रानभूल
म्यानमारमधलं बागान बघायचं फार वर्षांपासून मनात आहे. इरावतीच्या काठची विटांची दोन हजारांवर देवळं! पण १ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली आणि बेत लोंबकळलाच. तरी माझं मत असं की जावं, फक्त पैसा कुणाच्या हातात पडतो ते बघून. छोटं गेस्ट हाऊस, रस्त्याकडेची खानावळ, तिथलाच घोडागाडीवाला. तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षानेही २०१० मध्ये हेच म्हटलं होतं: मोठ्या ग्रुप टूर नकोत, स्वतंत्रपणे येणाऱ्यांना ना नाही. लष्कराकडे नैसर्गिक वायू आहे, जेड हा मौल्यवान हिरवा दगड आहे. आपण न गेल्याने त्यांचं काय अडणार?

सडेतोड
त्याच सू चींनी त्याआधी उलटं सांगितलं होतं, ते सोयीस्कर विसरलात. तेव्हाच्या लष्करी राजवटीने १९९६ हे 'म्यानमार भेट वर्ष' ठरवलं तेव्हा त्या म्हणाल्या, आत्ता येऊ नका. कारण पाहुण्यांसाठी जी झाडलोट चालली होती ती वेठबिगारीवर. मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक लोकांना जुंपून उपसून घेतला. आणि तुमचं बागान? १९९० मध्ये जुन्या बागानातल्या गावकऱ्यांना घरं सोडायला लावून न्यू बागानात हलवलं. फोटोत देवळांभोवती जी निवांत मोकळी जागा दिसते ना, ती अशी मोकळी झालीय. शिवाय त्या काळात विमानतळावर उतरल्या उतरल्या काउंटरवर ३०० डॉलर मोजून सरकारी चलन-प्रमाणपत्रं घ्यावी लागायची. म्हणजे खानावळ निवडायच्या आधीच लष्कराचा वाटा वसूल! ती सक्ती नंतर रद्द झाली, पण व्हिसाची फी आणि बागानची प्रवेश फी आजही सरकारलाच जाते.

चालतापाय
लोक येत-जात राहिले की राजवटीला सगळं झाकून ठेवता येत नाही. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये साठच्या दशकात किनारे परदेशी पर्यटकांनी भरले, त्यांच्यासोबत कपडे, गाणी, मतं सगळं आत आलं.

सडेतोड
आणि फ्रँको १९७५ मध्ये सत्तेवर असतानाच म्हातारपणी वारला.

कुंपणावरचा
सगळे देश एकाच मापाने मोजू नका. उत्तर कोरियात सरकारी गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. राजधानीतल्या मानसू टेकडीवरच्या किम बाप-लेकांच्या पुतळ्यांपुढे फुलं ठेवून वाकायचं, फोटो काढलात तर पुतळा पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण यायला हवा. तिथे 'स्थानिकाच्या खिशात पैसे' हा प्रकारच नाही. क्युबात निदान लोकांच्या घरी भाड्याने राहता येतं, तेही परवाने आणि कर सांभाळून.
माझी कसोटी साधी: आतली माणसं काय म्हणताहेत? १९५९ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या मालावर बहिष्कार टाका म्हणून आवाहन केलं ते तिथल्याच कृष्णवर्णीयांचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी. झळ आपल्याच लोकांना बसणार हे त्यांना ठाऊक होतं. १९७४ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्धची डेव्हिस कपची (टेनिस) फायनल सोडली. हातातोंडाशी आलेला कप गेला, पण कुणाचं ऐकायचं हे तरी स्पष्ट होतं.

उंबरा
'आतली माणसं' म्हणजे कोण? २०१९ मध्ये रोहिंग्या मुसलमानांच्या नरसंहाराच्या खटल्यात सू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लष्कराच्या बाजूने उभ्या होत्या. रोहिंग्यांना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं? आणि आज विचारायचं तर कुणाला? २०२४ पासून तिथे सक्तीची लष्करभरती सुरू आहे, १८ ते ३५ वयाचे पुरुष धरले जाताहेत. पोरं देश सोडून पळताहेत आणि आपण गेस्ट हाऊस निवडतोय. (रानभूल, राग मानू नका, पण वाचताना विचित्र वाटलं.)

रानभूल
राग नाही. भरतीमुळेच अजून तिकीट काढलेलं नाही. पण बीजिंगला निघालेल्याला शिनच्यांगमधल्या उइघुर मुसलमानांवरच्या दडपशाहीबद्दल कुणी का विचारत नाही? गरीब देशावर बहिष्कार टाकणं स्वस्त पडतं, एवढंच.

सडेतोड
चीनला माझ्या तिकिटाने ढिम्म फरक पडत नाही. म्यानमारमध्ये डॉलरची चणचण आहे, तिथे पडतो. म्हणून तिथे जायचं नाही.

रानभूल
आणि मी म्हणतो, म्हणूनच जायचं. डॉलरची चणचण फक्त जनरलांनाच आहे का?