लूपबाहेर मेथड काढून ठेवायची सवय सोडा आता

कोडकिडा:
पायथनमध्ये लूपच्या आधी `जोड = यादी.अपेंड` लिहायचं आणि आत नुसतं `जोड(क)`. (अपेंड ही यादीच्या शेवटी घटक जोडणारी मेथड, म्हणजे ऑब्जेक्टचं स्वतःचं फंक्शन.) ही युक्ती नव्या पोरांना अजून शिकवतात. एकेकाळी तिला अर्थ होता. दर कॉलला मेथड शोधा, मग ऑब्जेक्ट आणि फंक्शन एकत्र बांधलेलं तात्पुरतं ऑब्जेक्ट बनवा, वापरा, टाकून द्या. २०१८ साली पायथन ३.७ मध्ये लोड-मेथड आणि कॉल-मेथड हे ऑपकोड (इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्राम, पाळतो त्या छोट्या आज्ञा) आले नि ते तात्पुरतं ऑब्जेक्ट बनवणंच टळलं. ३.११ पासून तर त्या ओळीवर कुठल्या क्लासचं ऑब्जेक्ट येतं हे बघून इंटरप्रिटर शोधाचा निकाल तिथेच नोंदवून ठेवतो. कोड रिव्ह्यूत `जोड = यादी.अपेंड` अशी ओळ दिसली की मी काढायला लावतो. वाचायला त्रास, फायदा शून्य.

सर्व्हरवाला:
शून्य? कुठल्या मशीनवर? आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) चा सिस्टीम पायथन ३.६ आहे. आमच्या क्लायंटकडे तोच चालतो, हात लावायची सोय नाही. शिवाय ती नोंद एका ओळीला एकाच क्लासची. `आकार.क्षेत्रफळ()` वर कधी वर्तुळ, कधी चौकोन आला की नोंद जुळत नाही, पुन्हा लांबचा रस्ता.

कोडकिडा:
अहो, पण तिथे तुमची युक्ती तरी काय करणार? दर फेरीला ऑब्जेक्टच वेगळं, बाहेर काढून ठेवणार काय? आणि अपेंडचं तर उलटंच आहे. ३.११ पासून लिस्टच्या अपेंडला खास वेगवान ऑपकोड मिळतो, पण `यादी.अपेंड(क)` असं सरळ लिहिलं तरच. `जोड(क)` लिहिलंत की तो हुकला.

बिनटिंबाचा:
दोघंही अपेंडला चिकटलात राव. `सेल्फ.सेटिंग.लॉगर.डीबग()` लूपमध्ये असेल तर प्रत्येक टिंबाला एक शोध आहेच. स्वस्त झालाय, फुकट नाही. `सेल्फ.सेटिंग.लॉगर` मी आजही बाहेर काढतो, वाचायलाही बरं पडतं. आणि लाखो वेळा एका ओळीचा गेटर (नुसती आतली व्हॅल्यू परत देणारी मेथड) बोलावत असाल तर आधी तो कॉलच घालवा.

सर्व्हरवाला:
क्षेत्रफळ सोडा, ३.६ चं उत्तर कुठाय? `टाइमइट` (कोडला लागणारा वेळ मोजणारं साधन) न लावता सरसकट "काढा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

कोडकिडा:
३.६ ला पायथनवाल्यांनी डिसेंबर २०२१ मध्येच रामराम केला. क्लायंटपायी ठेवावं लागतंय तर ठेवा, पण त्या ओळीच्या डोक्यावर "फक्त ३.६ साठी" अशी कॉमेंट टाका. नाहीतर पुढचा माणूस तीच ओळ उचलून ३.१३ वर चिकटवणार, आणि रिव्ह्यूला परत माझ्याकडेच येणार.