मदत हवी आहे: १९९८ च्या मारुती ८०० चे ब्रेक पाईप घरी बदलावेत का?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, कार्बोरेटरवाली, वडिलांची. मुक्काम देवगड, घर खाडीला लागून. म्हणजे गंज हा घरचाच माणूस.

ब्रेक पेडल हल्ली नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. मास्टर सिलिंडरवरच्या (पेडल दाबलं की ऑइल पाईपांत ढकलतो तो) डबीत ऑइल खालच्या रेषेच्याही खाली. गाडीखाली शिरलो तर मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी पाईप एका जागी ओला. वरवर पाईप बरा वाटतो, पण त्याला धरून ठेवणारी क्लिप उचकटली तर आत लाल चिखल, आणि नख लावलं तरी पापुद्रे सुटतात.

इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, खराब तेवढा तुकडा कापू, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घालू, दोन्हीकडे जोड लावू, अर्ध्या तासाचं काम. मला पटत नाहीये, पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाही.

शेतीपंपाचं इंजिन खोलतो, याच गाडीचे ब्रेक शू घरी बदललेत. पाईपला मात्र कधी हात लावलेला नाही. तुकडा बदलू की अख्खा पाईप? नळी कोणती घेऊ? टोकाचा तो फुगवटा घरी जमतो का? आणि हवा काढायला बायकोला पेडलवर बसवलं तर चालेल ना?

गडहिंग्लजकर:
भावा, आधी गाडी जागेवर ठेव. 'गावातल्या गावात हळू चालवतो' हे सुद्धा नको. मास्टर सिलिंडरमध्ये दोन कप्पे असतात, एक लाईन गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. पण ते गाडी बाजूला घेण्यापुरतं, रोजच्या वापरासाठी नाही.

फ्रिजची नळी अजिबात नको. शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि फ्लेअरच्या, म्हणजे तू म्हणतोस त्या टोकाच्या फुगवट्याच्या, मुळाशी तडकतं. शिवाय दाबून बसवायचे जोड पाण्यासाठी, गॅससाठी. पेडल करकचून दाबलं की ब्रेकच्या पाईपमध्ये त्याच्या कितीतरी पट दाब येतो. तुला का पटत नव्हतं, त्याचं उत्तर हे.

मिशिगनवासी:
आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीचे ब्रेक पाईप हा इथला बारमाही विषय. माझा अनुभव असा, की एका जागी फुटलाय म्हणजे बाकीचा रांगेत उभा आहे. पुढून मागेपर्यंत अख्खा बदला, आणि रबरी होजही त्याच वेळी. जुन्या होजला आतून सूज आली की ऑइल परत यायला वेळ लागतो आणि ब्रेक धरून राहतो.

गाडीचा तयार पाईप मिळाला तर सर्वांत उत्तम. नाहीतर ४.७५ मिमीची, म्हणजे ३/१६ इंची, ब्रेकसाठीच बनवलेली तांबं-निकेलची नळी घ्या. ती गंजत नाही, हाताने वळते आणि फ्लेअरही लोखंडापेक्षा सोपा बसतो. समुद्राकाठी राहून पुन्हा साधं लोखंड कशाला घालायचं!

टॉर्करेंच:
नट खोलताना घाई नको. साधा फिक्स पाना लावलात की नट गोल झालाच म्हणून समजा. फ्लेअर नटचा पाना येतो, रिंगला एका बाजूने खाच पाडलेला, तो घ्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. व्हील सिलिंडरकडचा (चाकातला, शू ढकलणारा) नट पाईपसकट फिरायला लागला तर पाईप नटाजवळ सरळ कापा आणि वरून सहा कोनी सॉकेट लावा. पाईप टाकायचाच आहे, त्याचा मोह कशाला?

आता फ्लेअर. जपानी घडणीच्या गाड्यांना डबल फ्लेअर, म्हणजे टोक आधी आत दुमडून मग शंकूने पसरवलेलं. युरोपियन गाड्यांना बुडबुड्यासारखा गोल असतो, त्याची अदलाबदल चालत नाही. खोललेल्या पाईपचं टोक बघा, तसंच हुबेहूब करा. सिंगल फ्लेअर कोणी सुचवला तर हात जोडा.

नळी कटरने कापा, हॅक्सॉने नाही. आतली धार काढा, बाहेरची कड किंचित उतरती करा. *नट आधी नळीत ओवा*, मग फ्लेअर. फ्लेअर करायच्या किटमधल्या छोट्या चकतीची जाड कड जेवढी, तेवढंच टोक साच्यावर बाहेर ठेवा. कमी-जास्त झालं की फ्लेअर तिरका येतो. आधी भंगार तुकड्यांवर हात बसवा. जुना पाईप काढताना वाकवू नका, नव्याला वळणं देताना तोच नमुना. सगळ्या क्लिपा परत लावा, सायलेन्सरपासून लांब ठेवा. मोकळा लोंबणारा पाईप कुठेतरी घासतोच.

गडहिंग्लजकर:
बायकोला बसव, पण एक कर: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. एरवी पेडल तळापर्यंत कधी जात नाही. मास्टर सिलिंडरच्या त्या न वापरलेल्या भागात गंज आणि खरबरीतपणा असतो, त्यावरून आतलं रबरी सील घासत गेलं की फाटतं. मग पाईप नवा आणि सिलिंडर बाद.

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ती दाबून धरणार, तू चाकामागचं हवा काढायचं निपल सैल करणार, बंद करणार, मगच तिने पाय उचलायचा. "दाब", "सोड" मोठ्याने बोला, भांडण टळतं. डबी रिकामी होऊ देऊ नको. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गेल्या वर्षीची अर्धी बाटली बाजूला ठेव. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग उचलतं. आणि गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर घे, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नको.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. तयार पाईप इथे मिळाला नाही, तांबं-निकेलची नळी कोल्हापूरहून मागवली. मागची लाईन आणि होज बदलून झाले. फ्लेअर तुकड्यांवर नीट यायला लागले तेव्हाच खऱ्या नळीला हात लावला. हवाही काढली, निपलमधून आता बुडबुडे नाहीत. तरी पहिल्या दाबाला पेडल खोल जातं, लागोपाठ दोनदा दाबलं की वर येऊन टणक होतं. आता काय राहिलं?

टॉर्करेंच:
दाबत गेल्यावर वर येऊन *टणक* राहतं ना? मग हवा नाही, मागच्या ड्रम आणि शूमधली फट जास्त आहे. वर येऊनही स्पंजासारखं लागलं असतं तर हवा म्हटलं असतं. आणि पाय तसाच ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळती किंवा मास्टर सिलिंडर. हँडब्रेक खूप वर ओढावा लागतो का बघा. लागत असेल तर तोही फटीचाच पुरावा. चाक फिरवत, किंचित घासेपर्यंत शू जवळ आणा.

खाडीकाठ:
हो, हँडब्रेक बराच वर येत होता. शू जवळ घेतले, पेडल पहिल्या दाबालाच वर लागतंय. उद्या सगळे जोड कोरड्या कागदाने पुसून, पेडल जोरात धरून पुन्हा बघतो, मगच घराच्या उतारावर न नेता सपाट रस्त्यावर चाचणी.

मिशिगनवासी:
कागद प्रत्येक नटाला वेगळा लावा, नाहीतर कुठला ओला झाला ते कळत नाही. पुढच्या लाईनच्या क्लिपा उचकटून पाहिल्यात का?

खाडीकाठ:
पाहिल्या. डावीकडची पण तशीच आहे. नळी उरलीये, रविवारी तीही काढतो.