काळी काच रात्री: उघडायची, बदलायची की तशीच चालवायची?

पेठेतला

सोलापुरात हेल्मेटची काळी काच ही निव्वळ फॅशन नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. मार्च ते जून भर दुपारी पांढऱ्या काचेतून तापलेल्या डांबराकडे बघत गाडी चालवणं ही डोळ्यांना शिक्षाच आहे. घोळ होतो तो एकच हेल्मेट दिवसरात्र वापरल्यामुळे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुपारच्या पाळीला जाणारा माणूस डोक्यावर ऊन घेऊन निघतो आणि रात्री त्याच काचेतून अंधारात परत येतो.

माझं मत असं की दिवे लागल्यावर काळी काच डोळ्यांसमोर नको. कारण हिशेबाने सांगतो. स्वच्छ पांढरी काच साधारण ९० टक्के उजेड आत सोडते. गडद स्मोक काच ३० टक्के सोडते असं धरू. म्हणजे डोळ्यात उजेड येतो तिसरा हिस्सा. हेडलाइटचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होत जातो, म्हणून दिसण्याचं अंतर वर्गमुळाच्या हिशेबाने घटतं. डिपरवर, म्हणजे हेडलाइट खाली झुकवून, जे ५० मीटरवर कळायचं ते २९ मीटरवर कळू लागतं. आता ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी २८ मीटर. एकूण ५३. पांढऱ्या काचेतही ६० चा वेग थोडक्यात बसत नाही, काळ्या काचेत २९ मीटरमध्ये थांबायचं तर ४० च्या वर जाताच येत नाही. ऊस हंगामात मोहोळच्या बाजूने येणाऱ्या, मागे लाल दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा.

नाईट शिफ्ट

मालक, हिशेब कागदावर बरा आहे. पुणे रोडला समोरून अप्परवर एलईडी मारत येणाऱ्याचं काय? पांढऱ्या काचेतून तो आला की पाच सेकंद सगळं पांढरंफटक. काळ्या काचेत निदान डोळे उघडे राहतात. आणि हेल्मेट एक, काचा दोन, हे कोण सांभाळणार? डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि वर आणखी एक काच? दिवे लागले की काच वर करायची, ४० ने यायचं, विषय संपला. शहरात तसाही ४० च्या वर वेग मिळतो कुठे?

पाना-स्क्रू

समोरच्या लाइटबद्दल आधी बोलू, कारण काळ्या काचेच्या बाजूने हाच एक मुद्दा नेहमी येतो. काळी काच समोरचा एलईडी जितका कापते तितकाच रस्त्यावरचा खड्डाही कापते. लाइट आणि खड्डा यांच्यातलं प्रमाण जसंच्या तसं राहतं. फरक एवढाच की लाइट कमी होऊनही लाइटच राहतो आणि खड्डा मात्र दिसण्याच्या मर्यादेखाली जातो. डोळ्याला आराम वाटतो हे खरं, पण दिसत जास्त नाही.

पांढरी काच "पांढरीफटक" होते ती बहुतेक वेळा चऱ्यांमुळे. तपासायला सोपं आहे. रात्री काच हातात घेऊन तिच्यातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा. दिव्याभोवती कोळ्याचं जाळं किंवा लांब तारा दिसल्या की काच बाद. आपल्याकडची धूळ कोरड्या रुमालाने पुसली की प्रत्येक पुसण्याला चरे वाढतात. काचेवर आधी पाणी ओतायचं, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून किडे आणि चिखल भिजू द्यायचे, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून बोटांनीच धुवायचं. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काचेचा स्प्रे यातलं काही लावायचं नाही. ही काच पॉलिकार्बोनेटची असते, थिनरने तिला बारीक भेगा पडतात. टूथपेस्टने चरे जातात असं सांगणारे भेटतील. टूथपेस्टने चऱ्यांसकट वरचा कडक थरही जातो, आणि पंधरा दिवसांत काच पहिल्यापेक्षा खराब.

समोरच्याला तोंड द्यायची रीत जुनीच आहे. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि तो जवळ यायच्या आत वेग कमी करायचा.

अक्कलकोट नाका

पिवळी काच लावा की ओ! रात्रीसाठीच असते ती.

पाना-स्क्रू

अण्णा, पिवळ्या काचेतून जग उजळ *वाटतं*. ती निळा उजेड कापते, म्हणजे एकूण उजेड थोडा कमीच करते. धुक्यात किंवा ढगाळ संध्याकाळी कुणाला बरं वाटत असेल तर वाटो. पण २०१९ साली अमेरिकेत ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर पिवळे चष्मे तपासले होते, त्यात समोरच्या लाइटच्या झगमगाटात रस्त्यावरचा माणूस ओळखायला त्यांचा काही उपयोग झाला नाही. आणि इंद्रधनुषी आरशासारखी काच तर रात्री बॅगेतच बरी, बाहेरचा उजेड ती उलट फेकते.

नंबरचा चष्मा

वयाचा मुद्दा कुणी काढलाच नाही. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा साधारण तिप्पट उजेड लागतो. तिशीतल्या मुलाला काळ्या काचेतून "भागतंय" म्हणून वडिलांना तेच हेल्मेट देऊ नका.

काच वर करून चालवण्याबद्दल सांगायचं तर नंबरचा चष्मा असलेल्यांना ते जमून जातं, बाकीच्यांनी विचार करावा. जूनच्या पहिल्या पावसानंतर आसरा चौकाच्या बाजूला दिव्यांखाली पाखरांचे थवे असतात. ४० च्या वेगातही एक पाखरू डोळ्यात गेलं की दोन्ही डोळे आपोआप मिटतात. वाळूच्या ट्रकमागे तर विचारूच नका. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडरवाल्यांचे पारदर्शक गॉगल मिळतात, शे-दोनशेत. पॉलिकार्बोनेटचे, वजनाला काहीच नाहीत, डब्याच्या पिशवीत मावतात. काळी काच वर, खाली हा गॉगल. घेताना हेल्मेट घालूनच बघा. काडी जाड असेल तर कानावरच्या फोमखाली दबते आणि अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. चपट्या काडीचा घ्यावा.

नाईट शिफ्ट

हे पटलं. शंभर रुपयांत काम, दुसरी काच सांभाळायची कटकट नाही. पेठेतले साहेब, आता तरी माना.

पेठेतला

शहरातल्या शहरात मानतो. हायवेला नाही. ६० च्या पुढे उघडी काच वारा पकडते, मान मागे ओढली जाते आणि खाच झिजलेली असेल तर काच धाडकन खाली येते. म्हणजे ज्या क्षणी अंधार नको त्याच क्षणी डोळ्यांवर अंधार. शिवाय तोंडावर पडल्यावर काच हनुवटीपर्यंत बंद असणं वेगळं आणि नाकावर गॉगल असणं वेगळं.

दुचाकी-संसार

पोलीस काळ्या काचेवर दंड लावतात का? इथे मागे कुणी ७० टक्के आणि ५० टक्के असं काहीतरी लिहिलं होतं.

पेठेतला

ते चारचाकीचं. गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड यायला हवा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. हेल्मेटचं कलम वेगळं आहे, मोटार वाहन कायद्यातलं १२९. युरोपात मात्र हेल्मेटच्या काचेचाही हिशेब ठरलेला आहे. तिथल्या २२.०५ या आधीच्या मानकात ८० टक्क्यांखाली उजेड सोडणाऱ्या काचेवर "फक्त दिवसा" असा शिक्का लागायचा आणि ५० टक्क्यांखालची काच चालतच नव्हती. आपल्याकडच्याही बऱ्याच काळ्या काचांच्या कडेला हेच इंग्रजीत बारीक अक्षरात कोरलेलं असतं. बोटाने चाचपून बघा.

दुचाकी-संसार

मग सरळ आत गॉगल असलेलं हेल्मेट घ्या ना. बाहेरची काच पांढरी, आतली काळी पट्टी डाव्या बाजूच्या खटक्याने खाली-वर. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात की एका बोटाचं काम. सगळी चर्चाच संपते.

पाना-स्क्रू

संपत नाही, पण निम्मी मिटते. घेताना दुकानातच वीस वेळा खटका ओढून बघा. स्वस्त हेल्मेटमध्ये आतली पट्टी वायरने ओढली जाते. आपल्याकडची धूळ त्या खाचेत बसली की दोन-तीन महिन्यांत पट्टी अर्ध्यावर अडकते, आणि अर्ध्यावर अडकलेली काळी पट्टी नेमकी नजरेच्या रेषेत येते. अडकली तर जोर लावू नका. गाडी थांबवून पट्टीच्या दोन्ही कडा धरून सारख्या वर सरकवा. आठवड्याला एकदा खाच मऊ ब्रशने झाडा, तेल घालू नका, तेलावर धूळ आणखी चिकटते. दुसरं म्हणजे पट्टी आत जायला जागा लागते, त्यामुळे कपाळावर हेल्मेट थोडं मोठं होतं. घालून डोकं हलवून बघा, सैल वाटलं तर एक माप खाली.

आता दोन काचांबद्दल. लोक घाबरतात तेवढं ते अवघड नाही. खटक्याची काच असेल तर पूर्ण वर करा, बाजूच्या प्लेटवरचा खटका दाबा, एक बाजू सोडवा, मग दुसरी. बसवताना उलट, आणि दोन्हीकडून "टक्" ऐकू यायला हवं. मग पाच वेळा उघड-बंद करा, प्रत्येक खाचेत थांबते का बघा. एकाच बाजूने बसलेली काच शहरात कळत नाही, मोकळ्या रस्त्यावर वारा तिला उचकटतो. स्क्रूवाली काच असेल तर रुपयाच्या नाण्याने स्क्रू फिरतो. तो प्लास्टिकचा असतो, आटा वाकडा चढला की गेला. फार आवळला तर काच जड चालते आणि कानाजवळ तडा जातो, सैल सोडला तर वाऱ्याने काच आपोआप पडते. इंजिनच्या नटबोल्टला लावतात ते लॉकिंगचं द्रव इथे थेंबभरही नको, पॉलिकार्बोनेट त्याने तडकतं.

काढलेली काच जुन्या सुती पिशवीत, बाहेरची गोलाई वर ठेवून. किल्ल्यांबरोबर एका कप्प्यात ठेवली की संपली.

अक्कलकोट नाका

रोज दोनदा स्क्रू फिरवायचा? आटा किती दिवस टिकणार?

पाना-स्क्रू

बरोबर बोललात. स्क्रूवाल्या हेल्मेटला रोज काच बदलू नका. ऑक्टोबरला पांढरी चढवा, मार्चला विचार करा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्या दिवसांत काळ्या काचेचं कामच किती?

पेठेतला

आणि मार्चनंतरही पर्याय आहे, पांढऱ्या काचेच्या वरच्या कडेला काळ्या फिल्मची पट्टी. हेल्मेट घालून गाडीवर बसायचं, सरळ समोर बघायचं आणि दुसऱ्याकडून डोळ्यांच्या रेषेवर टेपचा तुकडा लावून घ्यायचा. पट्टीची खालची कड त्या खुणेच्या दोन सेंटिमीटर वर. बहुतेक काचांवर पट्टी तीन-चार सेंटिमीटरची होते. सूर्य समोर आला की हनुवटी जराशी खाली, पट्टी सूर्याला झाकते. रात्री मान सरळ, पट्टी नजरेबाहेर. फिल्म गोंदाची नको, पाण्याने नुसती चिकटणारी घ्या. गोंद काचेवरचा थर खातो आणि काढताना चिकट डाग राहतो, मग लोक पेट्रोल घेतात. पुढचं पाना-स्क्रूंनी सांगितलंच आहे.

अक्कलकोट रोडवरून संध्याकाळी गावात येणाऱ्याच्या तोंडावर सूर्य असतो, त्याला ही पट्टी हवीच. पुणे रोडवरच्या चिंचोळीहून गावात येणाऱ्याच्या पाठीला सूर्य असतो. त्याला संध्याकाळी काळी काच कशाला लागते हे मला अजून कळलेलं नाही.

नाईट शिफ्ट

दिसायला रुबाबदार म्हणून, साहेब! खरं बोलायचं तर निम्म्या काळ्या काचा त्यासाठीच आहेत.

पट्टीवर एक शंका. मागे बसलेल्याला उतरवून गाडी उभी करून खुणा करायच्या, मान्य. पण फिल्मखाली बुडबुडे आले तर रात्री प्रत्येक बुडबुडा चमकणार.

पेठेतला

नजरेच्या वर असल्याने त्रास कमी, पण येतातच. काच साबणाच्या पाण्याने ओली करून फिल्म ठेवायची आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेला पाणी ढकलायचं. रात्रभर सावलीत ठेवायची. उन्हात वाळवली की कडा उचलतात.

नंबरचा चष्मा

उन्हानुसार स्वतः काळी होणारी काच कुणी विचारायच्या आत सांगतो. ती तापमान जास्त असताना कमी काळी होते, म्हणजे मे महिन्यात जेव्हा हवी तेव्हाच अर्धवट. किंमत बघितली तर त्यात आणखी एक हेल्मेट येईल.

दुचाकी-संसार

बरं, दुसरी पांढरी काच घ्यायची तर नवी पेठेत मागताना काय सांगायचं? दुकानात काळीच पुढे करतात.

पाना-स्क्रू

कंपनीचं नाव पुरत नाही, मॉडेलचं नाव सांगा. आतला फोम बाजूला केला की स्टिकर दिसतो, मोबाइलवर फोटो काढून न्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या काचा एकमेकांना बसत नाहीत, "चालतंय ओ, जरा दाबून बसवा" असं म्हणाले तर परत द्या. काच घेऊन दुकानाबाहेर उजेडात या, तिच्यातून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा आणि काच हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवा. अक्षरं लाटेसारखी हलली तर दुसरी मागा.