यंदाच्या गणपतीला मुलाला आणि नातवंडांना घरी बोलवावे का?

प्रश्न: पार्लेकर आजोबा, ९ ऑगस्ट २०२०

आमच्या घरी माझ्या वडिलांच्या वेळेपासून दीड दिवसाचा गणपती बसतो. मी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो, सौभाग्यवती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. माझे वय ७१ आणि त्यांचे ६७. विलेपार्ले पूर्वेला लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघेच राहतो. मुलगा, सून आणि दोन नातवंडे डोंबिवलीला असतात, मुलगी पुण्याला. एरवी चतुर्थीला माझे दोन्ही धाकटे भाऊ, त्यांची कुटुंबे आणि ही सगळी मंडळी मिळून पंगतीला वीस-बावीस पाने सहज होतात.

करोनाच्या साथीमुळे मार्चपासून आम्ही दोघे जिन्यावरून फारसे खाली उतरलेलो नाही. मुलगा अधूनमधून रविवारी गाडीने येतो, औषधे आणि भाजी रखवालदाराच्या टेबलावर ठेवतो, खालून हात करतो आणि परत जातो. आम्ही गॅलरीत उभे राहून त्याच्याशी बोलतो, तेही ओरडून, कारण मास्कमधून त्याचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही आणि मग आमच्या औषधांची चर्चा सगळ्या इमारतीला ऐकू जाते. नातवंडे रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर भेटतात. धाकटी पाच वर्षांची आहे. हल्ली ती दोन मिनिटे बोलते आणि फोन आईकडे देऊन निघून जाते.

अडचण अशी आहे की, मुलगा राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोर्टमधल्या शाखेत आहे. १ जुलैपासून या बँकांच्या कर्मचाऱ्यांना, टाळेबंदीत सर्वसामान्यांसाठी बंद असलेल्या लोकलची मुभा मिळाल्यामुळे तो गर्दीतून ये-जा करतो आणि दिवसभर काउंटरवर बसतो. त्याचे म्हणणे आहे की, यंदा गणपती आणूच नये, म्हणजे प्रश्नच मिटला. मुलगी म्हणते की, मूर्ती आणा, पण कोणालाही दारात उभे करू नका. तिला स्वतःला तर ई-पासशिवाय, म्हणजे जिल्हा ओलांडण्याच्या परवान्याशिवाय, पुण्याहून येता येणारच नाही. मला मात्र वाटते की, मुलाच्या घरच्यांनी तरी यावे. त्यांनी आधी चाचणी करून घेतली, तर येण्यास काय हरकत आहे? आणि कोणीच आले नाही, तर मूर्ती आणणे, प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन हे सगळे या वयात आम्ही दोघांनी कसे पार पाडावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त परिचारिका, १० ऑगस्ट

काका, चाचणीबद्दल आधी लिहिते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. गेल्या महिन्यापासून मुंबईत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही करोनाची आरटी-पीसीआर चाचणी करून घेता येते, त्यामुळे सोय नाही असे नाही. पण नमुना घेतला त्या घटकेला नाकाघशात विषाणू सापडला नाही, एवढेच तो अहवाल सांगतो. लागण झाल्यावर लक्षणे साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात, काहींना चौदा दिवसही लागतात, आणि अगदी सुरुवातीच्या दिवसांत चाचणी केली तर ती निगेटिव्ह येण्याची शक्यता बरीच असते. तुमचा मुलगा बुधवारी नमुना देईल, गुरुवारी आणि शुक्रवारी लोकलने बँकेत जाईल आणि शनिवारी तुमच्याकडे येईल. मग त्या कागदाचा आधार कितपत घ्यायचा? त्याला चौदा दिवस रजा मिळून सगळे कुटुंब घरात बसणार असेल, तर गोष्ट वेगळी. पण बँकेत आज कोण एवढी रजा देईल?

नातवंडांना लक्षणे नाहीत म्हणून ती सुरक्षित आहेत, असेही धरून चालू नका. मुलांमध्ये हा आजार बहुधा सौम्य असतो, किंवा दिसतच नाही, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही.

तरीही त्यांनी यावे असे ठरलेच, तर जेवण ठेवू नका. आरतीच्या वेळी सगळे मास्क लावून उभे राहतील, खिडक्या उघड्या असतील, पंखा चालू असेल, तर धोका बराच कमी होतो. पण पान वाढले की मास्क उतरतात, माणसे समोरासमोर बसतात, मोठ्याने बोलतात, हसतात, आणि दोन तास उठत नाहीत. आमच्या विभागातल्या कितीतरी घरांत लागण पसरली ती अशाच बैठकीतून. आरती हळू म्हणा, हेही सांगते, कारण उंच आवाजात म्हणताना तोंडातून तुषार जास्त उडतात. टाळ हवा तेवढा वाजवा.

घरात रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर नसेल तर घेऊन ठेवा. तो बोटाला लावण्यापूर्वी हात कोमट करा, नखाला रंग नसावा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली जात असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

उत्तर: गिरगावकर, १० ऑगस्ट

आपल्या मुलाच्या "आणूच नका" या सूचनेबद्दल दोन शब्द. खंड पडला तर कोप होतो ही समजूत घट्ट आहे, पण सोयर किंवा सुतक आले तर त्या वर्षी गणपती बसत नाही आणि त्याचे प्रायश्चित्तही कोणी घेत नाही, हे आपल्याच घरांतून चालत आलेले आहे. लालबागच्या राजाची मूर्तीदेखील यंदा बसणार नाही, मंडळ त्याऐवजी रक्तदान आणि (करोनातून बऱ्या झालेल्यांचे) प्लाझ्मादान करणार आहे. तेव्हा आणला नाही तरी चालेल. मात्र सहज आणता येत असताना केवळ भीतीपोटी आणू नये, असे मी म्हणणार नाही.

शासनाच्या सूचनेप्रमाणे घरगुती मूर्ती यंदा दोन फुटांपेक्षा उंच नसावी. आपण आठ-नऊ इंचांचीच घ्यावी, आणि ती शाडूचीच आहे याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. अनेक मूर्तिकार या वर्षी घरपोच देत आहेत. चतुर्थीच्या आदल्या दिवसाची गर्दी टाळून चार-पाच दिवस आधीच मागवून ठेवलीत तर उत्तम. बाहेरून आलेली वस्तू म्हणून मूर्ती सॅनिटायझरने पुसू नका. आमच्या शेजाऱ्यांनी गौरीच्या मुखवट्यावर तो प्रयोग केला आणि रंग उतरला. दोन-तीन दिवस खोलीत झाकून ठेवली म्हणजे पुरे.

विसर्जन घरीच करावे, तशी विनंती महापालिकाही करत आहे. मोठी बादली किंवा टब पाटावर ठेवावा, हार-दूर्वा आणि वस्त्र आधी काढून घ्यावे, उत्तरपूजा झाल्यावर मूर्ती सावकाश पाण्यात सोडावी. नुसत्या शाडूची लहान मूर्ती एका रात्रीत बरीचशी विरघळते. उरलेली माती हाताने मोकळी करून कुंडीत घालता येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची निघाली तर मात्र महिनोन्‌महिने तशीच राहील. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत शोधलेली आहे, परंतु त्याला अमोनियाचा वास येतो आणि बंद घरात आपल्या वयाच्या माणसांनी ती खटपट करू नये. आपल्या घरी धातूची मूर्ती असेल तर तिची पूजा करूनही हे सगळे टळते.

प्राणप्रतिष्ठेसाठी आमचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर वेळ देत आहेत. ते स्वतः सत्तरीचे आहेत, तेव्हा त्यांनाही बाहेर पडायचे नाही. आपल्या गुरुजींना विचारून पाहावे.

उत्तर: मुलुंडची सून, ११ ऑगस्ट

आजोबा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा काय म्हणतो ते त्यात आहे, मुलगी काय म्हणते ते आहे, तुम्हाला काय वाटते तेही आहे. काकूंचे मत कुठेच नाही.

मूर्ती कोण आणणार आणि विसर्जन कोण करणार, हे तुम्ही विचारलेत. नैवेद्य कोण करणार, हे विचारले नाहीत. तुमच्याकडे मार्चपासून भांडी-लादीला बाई येत नसणार, असा माझा अंदाज आहे, कारण बहुतेक सोसायट्यांनी त्यांना फाटकावरूनच परत पाठवले आहे. म्हणजे केर-फरशी, भांडी, धुणे आणि दोन वेळचा स्वयंपाक या वयात काकू करत आहेत, आणि चारजण आले की त्यात पुरण, एकवीस मोदक, वाटली डाळ आणि ढीगभर भांडी यांची भर पडेल. टाळेबंदीत सासरे निवृत्तच राहिले आणि सासूबाई पुन्हा कामावर रुजू झाल्या, हे मी आमच्या घरी रोज पाहते आहे.

जाता जाता बाईंबद्दल. गेल्या महिन्यात महापालिकेच्या तीन विभागांतील रक्ताच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. आमच्या समितीने त्याचा अर्थ "त्यांना येऊ देऊ नका" असा काढला. खरे पाहता ज्यांना होऊन गेला त्यांच्याकडून आज भीती कमी, आणि ज्यांना व्हायचाच आहे असे ८४ टक्के आपल्या इमारतींत बसले आहेत, असाही तो वाचता येतो. घरकाम करणाऱ्या बाईंना येऊ द्यायचे की नाही, हे परस्पर ठरवण्याचा अधिकार सोसायटीच्या समितीला नाही, असे शासनाने सांगितलेले आहे. मास्क लावून, दार-खिडक्या उघड्या ठेवून, तुम्ही दोघे दुसऱ्या खोलीत बसून आठवड्यातून तीन दिवस जरी त्यांना बोलावलेत तरी काकूंचे हाल कमी होतील. आणि त्यांचा मार्चपासूनचा पगार दिलेला नसेल, तर तोही द्यावा.

उत्तर: बोरिवलीचा एक मुलगा, ११ ऑगस्ट

मी तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितो, कारण इथे बहुधा त्याच्याच पिढीला बोल लावले जातील. मीसुद्धा आईवडिलांना "खाली उतरू नका" असे दिवसातून दोनदा बजावतो, दूधवाल्याशी किती वेळ बोललात याची चौकशी करतो, आणि ती दोघे चिडतात. माझे वडील तर परवाचा उच्च न्यायालयाचा निर्णय मला वाचून दाखवत होते. पासष्टीपुढच्या कलाकारांना चित्रीकरणाला बंदी घालणारा शासनाचा नियम न्यायालयाने ७ ऑगस्टला रद्द केला, त्यावर, "आता तू तुझा नियम कधी रद्द करतोस?" असा त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर सुचले नाही.

पण लोकलमधून उतरून घरी येणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे तुम्ही त्याला एकदा विचारा. आपण नेलेल्या आजाराने आई किंवा वडील गेले तर पुढे कसे जगायचे, हा विचार तो कोणापाशी बोलत नसेल. म्हणून तो "आणूच नका" असे तुटक बोलतो. तुम्हाला धोका पत्करायचा अधिकार जरूर आहे, परंतु तो तुमच्यापर्यंत आणून पोहोचवायचे काम त्याच्याकडे येते. त्याने नकार दिला तर मनाला लावून घेऊ नका, एवढीच विनंती.

पार्लेकर आजोबांच्या खात्यावरून, १२ ऑगस्ट

नमस्कार. हे उत्तर मी लिहीत आहे, म्हणजे वर ज्यांचे मत कोणी विचारले नाही त्या काकू. ह्यांनी सगळी उत्तरे मला मोठ्याने वाचून दाखवली, मुलुंडच्या सूनबाईंचे जरा भरभर वाचले, म्हणून ते मी स्वतः पुन्हा वाचले.

मला मोदक करायला आवडतात. उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची, गोळा बोटांना चटके देतो तोवरच पारी पातळ होते आणि कळ्या सुबक येतात. त्या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. कंटाळा येतो तो नंतरच्या ओट्याचा आणि भांड्यांचा, आणि उजव्या मनगटाला आता कढई पेलत नाही. त्यामुळे एकवीस नाहीत, पाच मोदक करणार आहे. बाकीचा नैवेद्य वरणभात, बटाट्याची भाजी आणि खीर. बाप्पाने पस्तीस वर्षे माझ्या हातचे पुरण खाल्ले आहे, एक वर्ष चालवून घेईल.

मुलाशी काल मी एकटीच बोलले, ह्यांना आतल्या खोलीत बसवून. बोरिवलीच्या मुलाने लिहिले तेच त्याने वेगळ्या शब्दांत सांगितले, आणि बराच वेळ बोलला. मग आम्ही असे ठरवले की, चतुर्थीला त्यांनी यायचे नाही. पूजा गुरुजी फोनवरून सांगतील आणि तोच कॉल डोंबिवलीत आणि पुण्यातही लागेल. दुसऱ्या दिवशी रविवार आहे, संध्याकाळी विसर्जनाला चौघांनी यायचे, मास्क काढायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही, अर्ध्या तासात निघायचे. बादली गॅलरीत ठेवू, म्हणजे सगळे मोकळ्या हवेत राहतील. परिचारिका बाई, यात काही चुकत असेल तर कृपया सांगा. प्रसादाचा डबा भरून त्यांना बरोबर देईन, घरी जाऊन खातील.

नातीला जवळ घ्यायचे नाही, हे मला जड जाणार आहे. तिला आधीच सांगून ठेवा, असे सुनेला म्हटले आहे, नाहीतर ती दारातूनच धावत येईल.

बाईंना सोमवारपासून बोलावले आहे. सचिवांना त्याचे पत्र ह्यांनी लिहायचे आहे. सरकारी मसुदा त्यांना छान जमतो. बाईंचा पगार आम्ही दरमहा बँकेत भरतच होतो.

गिरगावकरांना एक विचारायचे आहे. आमची गॅलरी पश्चिमेला आहे आणि पावसाची झड थेट आत येते. मूर्ती विरघळेपर्यंत बादली तिथे रात्रभर ठेवली आणि पाऊस आला, तर मातीचे पाणी खालच्या मजल्यावर गळेल. न्हाणीघरात ठेवली तर चालते का?

उत्तर: गिरगावकर, १२ ऑगस्ट

काकू, विसर्जन गॅलरीत करा आणि मंडळी गेल्यावर बादली आत घ्या, पण न्हाणीघरात नको. स्वयंपाकघराच्या किंवा बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात पाटावर ठेवून वर स्वच्छ कापड टाका. मात्र भरलेली बादली तुम्ही दोघांनी उचलू नये. मुलगा निघण्यापूर्वी त्याच्याकडूनच ती आत ठेवून घ्या, किंवा बादली अर्धीच भरा. मूर्ती आठ इंचांची असेल तर तेवढे पाणी पुरते.

उत्तर: निवृत्त परिचारिका, १२ ऑगस्ट

गॅलरीत चौघांना दाटी होत असेल, तर नातवंडांनी आधी नमस्कार करून दिवाणखान्यात खिडकीपाशी उभे राहावे. बाकी योग्य आहे. त्या आठवड्यात घरातल्या कोणालाही ताप, खोकला, घसादुखी किंवा वास न येणे यातले काहीही झाले, तर त्यांनी येऊ नये, हे मुलाला आजच सांगून ठेवा.