मदत हवी आहे: एकच वाक्य पाच ठिकाणी सापडलं, तर ते पाच संदर्भ की एकच?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाचा विषय आहे राजर्षी शाहू महाराजांचा १९१७ चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय. गेल्या आठवड्यात सरांनी पहिला मसुदा परत दिला. समासात लाल पेनानं पानोपानी एकच प्रश्न: "हे कशावरून?"

सगळ्यात जास्त अडले ते दंडाच्या वाक्यापाशी. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड, असं मी पाच संदर्भ देऊन लिहिलं होतं. रात्री पाचही समोर मांडून वाचले. शब्दरचना तीच, आणि एका शब्दातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा पाचही ठिकाणी तीच! एकानं लिहिलं, चौघांनी उचललं. कायद्याचं कलम एकानंही दिलेलं नाही. आता हे वाक्य ठेवू की काढू?

दुसरं कोडं जन्मतारखेचं. जुन्या काही पुस्तकांत २६ जुलै १८७४ आहे, आपण जयंती साजरी करतो २६ जूनला. मी आजवर समजत होते की जितकं जुनं पुस्तक तितकं खरं. तो आधारच गेला. त्यात ५० टक्के राखीव जागांचा हुकूमही २६ जुलैचाच, १९०२ सालचा, त्यामुळे माझ्या टिपणात दोन्ही तारखांची सरमिसळ झाली होती.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरवरचा खंड मी मोठ्या कौतुकानं वापरला होता. त्यावर सर म्हणाले, "ग्रंथ चांगला आहे, पण १८८६ चा आहे. महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला १८९४ ला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठून येणार?" हे मला अजिबात सुचलं नव्हतं.

आणि एक मनापासून विचारते. माझी आजी करवीर तालुक्यातल्या गावची. तिचे वडील सांगायचे की पाटील घरोघरी जाऊन पोरं गोळा करून शाळेत बसवायचा. हे प्रबंधात घेता येईल का? मला ते सोडवत नाही.

घरात पदव्युत्तर शिकणारी मी पहिलीच. विचारायला जवळ कुणी नाही म्हणून इथे लिहितेय.

प्रतिसाद १ (निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर)

ताई, शुद्धलेखनाच्या चुकीवरून तुम्ही नक्कल पकडलीत, ही संशोधकाचीच नजर आहे. ते पाच संदर्भ नाहीत, एकच आहे, आणि तोही निनावी. वाक्य काढू नका, बाजूला ठेवा आणि मुळाकडे जा. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं शाहू छत्रपती पेपर्सचे खंड काढलेत. त्या काळची पत्रं आणि हुकूम त्यांत छापलेले आहेत. सुरुवात तिथून करा. मग विभागाचं पत्र घेऊन कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात जा आणि करवीर सरकारचं गॅझेट, म्हणजे कोल्हापूर संस्थानचं राजपत्र मागा. जुनी बरीच कागदपत्रं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारं कुणी सोबत असू द्या. कलम हाती लागलं की वाक्य त्याच्या आधारे लिहा. नाहीच लागलं, तर "नंतरच्या लेखनात असा उल्लेख येतो" एवढंच म्हणा.

आजीची आठवण जरूर घ्या. तिचं नाव, गाव, मुलाखतीची तारीख नोंदवा आणि ही वडिलांकडून ऐकलेली गोष्ट आहे हे स्पष्ट लिहा. कायद्यात काय होतं हे तिच्यावरून सिद्ध होणार नाही. पण तो निर्णय गावात कसा पोचला आणि लोकांच्या लक्षात कसा राहिला, यासाठी तिच्याइतका जवळचा साक्षीदार तुम्हाला कुठे मिळणार? लवकर ध्वनिमुद्रण करून ठेवा.

प्रतिसाद २

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात या विषयाच्या जवळपासचे पीएच.डी.चे प्रबंध शोध. त्यातलं वाक्य उचलू नकोस, तळटीप बघ आणि त्या कागदापर्यंत स्वतः जा. आणि पैसे भरून चार दिवसांत लेख छापणाऱ्या जर्नलपासून लांब राहा. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, २०१९ मध्ये आली होती, २०२५ मध्ये ती बंद झाली. त्यामुळे "यादीतलं जर्नल आहे" एवढ्यावर आता भागत नाही. संपादक मंडळात कोण आहेत आणि ते खरोखर याच विषयातले आहेत का, हे आपणच बघायचं.

धागाकर्ती

काका, दादा, खूप आभार. विभागप्रमुखांकडे पत्राचा अर्ज आजच दिला. रविवारी आजीकडे चाललेय. पुराभिलेखागारात सोबत येऊ शकेल असं मोडी वाचणारं कुणी इथे आहे का? कोणत्याही वारी चालेल, मी सुट्टी काढीन.