मदत हवी आहे : रोहिड्याचं फूल, शिंजीर आणि जोधपूरची कोरडी हवा (जलरंग)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षं जोधपुरात आहे. वनस्पतीचित्रं काढायला शिकले ती डोंबिवलीत. तिथे रड एकच, पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही. इथे नेमकं उलटं झालंय.

थंडीत खेजडी (आपली शमी) काढली, तेव्हा काही जाणवलं नाही. इवल्या पर्णिका, पेरांच्या मधेच विखुरलेले काटे, सगळं कोरड्या ब्रशने निभावलं. आता रोहिडा घेतलाय, म्हणजे आपला रक्तरोहिडा. इकडे लाकडामुळे त्याला ‘मारवाडचा साग’ म्हणतात आणि फूल तर राजस्थानचं राज्यपुष्प. एका झाडाला पिवळी फुलं, शेजारच्याला नारिंगी, पलीकडे जवळजवळ लाल. मी नारिंगी निवडलं आणि फसले.

कागद 300 ग्रॅमचा (दर चौरस मीटरला), पूर्ण सुती, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा. फुलाचा कर्णा घशाशी पिवळा, कडेकडे नारिंगी होत जाणारा. माझी सवय ओल्यात ओला रंग सोडून दोन्ही एकमेकांत उतरवायची. इथे पिवळा लावून, ब्रश धुऊन लाल उचलेपर्यंत पिवळा वाळलेला असतो! मग लालची कडक रेघ उमटते. ती पुसायला जावं तर कागदाचा पृष्ठभाग उसवतो. चार फुलं अशीच वाया गेली. कूलर लावून पाहिला, पण त्याच्या वाऱ्याने रंग आणखी लवकर वाळला. (हसा, हसा.)

सध्या पिवळा पूर्ण वाळू देते आणि वरून क्विनॅक्रिडोन लालचे दोन-तीन पातळ हात देते. रेघ येत नाही, पण फूल मेणाचं दिसतं. पाण्यात ग्लिसरीन घालणारं इथे कोणी आहे का? किती घालता? आणि असं चित्र पुढे पावसाळ्यात डोंबिवलीला नेलं तर चिकट होतं का? कागद मागून ओला करून काचेवर चिकटवायचा, असंही ऐकलंय. हॉट प्रेसला ते चालतं का?

पानांचं जमलंय. अल्ट्रामरीन आणि पिवळ्यात फुलातलाच नारिंगी किंचित मिसळला की ती राखाडी झाक येते.

दुसरी अडचण पक्ष्याची. फांदीवर शिंजिराचा नर हवाय, विणीच्या पिसाऱ्यातला. लांबून काळा दिसतो, उन्हात वळला की निळा-जांभळा पेटतो. ही चमक पिसांच्या रचनेची, त्यामुळे ट्यूबमध्ये ती मिळणार कुठून? पेन्स ग्रे (निळसर काळपट राखाडी) आणि डायॉक्साझिन व्हायोलेटने (गडद जांभळा) केला, तर लेक म्हणाली, “आई, कावळ्याचं पिल्लू छान आलंय.” अभ्रकाचे चमकते रंग नकोत, स्कॅनमध्ये ते मेलेले दिसतात. आधी सगळीकडे फिकट निळा-हिरवा देऊन त्यावर गडद चढवायचा, की चमकीच्या जागी कागद कोरा सोडायचा? चित्र मूळ आकारातच आहे. पक्षी जेमतेम 10 सेंटिमीटरचा, त्यामुळे चुकायला जागाच नाही.

बहर एप्रिलपर्यंतच टिकतो, म्हणून जरा घाई आहे. वाया गेलेल्या फुलांचे फोटो खाली प्रतिसादात टाकते. बिनधास्त चुका काढा.