विषय: नागपूरच्या घरचा गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो

प्रेषक: मंडळ सदस्या, टोरांटो

नमस्कार मंडळी,

प्रताप नगरच्या घरी आई-बाबा दोघंच असतात. थंडी पडली तसा गॅस गिझर त्रास देऊ लागला आहे. नळ उघडला की टकटक होते, जाळ दिसतो आणि चार-पाच सेकंदांत विझतो. मिस्त्री येऊन गेला. तो म्हणाला, "सेन्सरच त्रास देऊन राहिला जी, डायरेक्ट करून देतो, मग पाहायचं काम नाही." बाबांनी त्याला उद्या बोलावलंय. मला धास्ती वाटतेय, कारण गिझर बाथरूमच्या आतच आहे आणि वर एक लहान झरोका आहे, तेवढाच. व्हिडिओ कॉलवर बाबांना काय काय बघायला सांगू?

---

प्रेषक: मंडळ सदस्य, फिनिक्स

ताई, आधी बाबांना फोन करा आणि उद्याचं काम थांबवा. डायरेक्ट, म्हणजे सेन्सर वगळून वायरी थेट जोडणं, असलं काहीही करू द्यायचं नाही. बाकीचं सावकाश वाचा.

मी इथे स्विमिंग पूलचे गॅस हीटर दुरुस्त करतो. ते कपाटाएवढे असतात, तुमचा गिझर भिंतीवरचा डबा आहे, पण पेटण्याचा क्रम जवळपास तोच. पाणी वाहतं आहे याची खात्री, मग ठिणगी, मग गॅसचा व्हॉल्व्ह, मग जाळ लागला की नाही याची तपासणी. कुठल्या पायरीवर गाडं अडतं ते कळलं की निम्मं काम झालं. तुमच्याकडे टकटक होते, म्हणजे पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा हलला आणि मायक्रोस्विच, म्हणजे छोटं बटण, दाबला गेला. जाळ दिसतो, म्हणजे गॅसही येतोय. अडतंय ते शेवटच्या पायरीवर.

बर्नरपाशी दोन कांड्या दिसतील. एक ठिणगी टाकते, दुसरी जाळात बुडून राहते. जाळातून वीज वाहू शकते. अगदी थोडी, मायक्रोअँपियरमध्ये मोजावी इतकी. तेवढी मिळाली तरच गिझरचा कंट्रोल बोर्ड व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, नाहीतर गॅस तोडतो. कांडीवर काजळी बसली, ती जाळाबाहेर वाकली किंवा तिची वायर सैल झाली, की जाळ समोर असूनही बोर्डला तो दिसत नाही. सिलिंडर बंद करून, सेल काढून, कांडी बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायची. आमच्या पूल हीटरमध्येही कित्येकदा एवढंच निघतं आणि लोकांनी तोवर महागडा बोर्ड बदललेला असतो.

सेलही बघा. दीड-दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतील. उतरलेले सेल ठिणगी देतात, पण व्हॉल्व्हची कॉइल धरून ठेवायला कमी पडतात. लक्षण अगदी हेच.

मिस्त्री नेमकी कोणती वायर जोडणार होता तेही विचारा. बरेचदा जास्त तापल्यावर गिझर बंद करणारा थर्मोस्टॅट वगळून त्याच्या वायरी थेट जोडून टाकतात. आजची तक्रार जाते, पण गिझर विझवणारं कुणी उरत नाही.

आणि बाथरूमबद्दल स्पष्टच लिहितो. एलपीजी नीट जळायला तिच्या २४ ते ३१ पट हवा लागते. बंद खोलीत ती संपत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दाराला आतून कडी असते. कांडी साफ झाली तरी हा गिझर आत ठेवू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

---

प्रेषक: मंडळ सदस्य, सध्या नागपूर

बेटा, मी मार्चपर्यंत इथेच आहे, बजाज नगरात. सकाळी जाऊन येतो, बाबांना सांगून ठेव.

आपल्याकडचं एक लक्षात घ्या. नागपुरात मार्चपासून दिवाळीपर्यंत गिझरला कुणी हात लावत नाही. सेल आत तसेच राहून पाझरतात, बर्नरमध्ये कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बोअरच्या जड पाण्याने जाळीत क्षार साठतात, ते वेगळंच.

---

प्रेषक: मंडळ सदस्य, सध्या नागपूर

जाऊन आलो. सेलच्या डबीत पांढरी भुकटी होती, एक पत्री पार खाल्लेली. पत्र्या घासल्या, नवे अल्कलाइन सेल टाकले. फिनिक्सवाल्या भाऊंनी सांगितली तशी कांडी पुसली, तिच्यावर काजळी होतीच. जाळही टोकाला पिवळा होता. बर्नरमधली जाळी-जळमटं ब्रशने काढल्यावर निळा झाला. आता गिझर बादली भरेपर्यंत अखंड चालतो.

पण बाबा आत आंघोळ करतील म्हणून मी तो चालू ठेवू दिला नाही. न्हाणीच्या मागच्या भिंतीवर, मोकळ्या बोळात तो हलवायचा ठरलंय. गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत येईल. तोवर चुलीवर पाणी तापवून देतो असं आईच म्हणाल्या.

---

प्रेषक: मंडळ सदस्य, फिनिक्स

काका, फार बरं केलंत. पिवळा जाळ म्हणजे गॅसला हवा कमी पडत होती, काजळी त्यातूनच आली.

हलवल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. काडी पेटवून कुणी तपासू नये. आणि एक खूण आई-बाबांना सांगून ठेवा: नळ उघडल्यावर पेटायला उशीर होऊन भक्कन आवाज आला, तर आत गॅस साठून मग पेटला असं समजायचं. त्या दिवसापासून गिझर बंद, सिलिंडर बंद. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता खिडक्या-दारं उघडायची, बाहेर यायचं आणि बाहेरूनच १९०६ ला फोन करायचा.

---

प्रेषक: मंडळ सदस्या, टोरांटो

काका, दादा, दोघांचेही मनापासून आभार. बाबांनी मिस्त्रीला परत बोलावलंय, पण पाइप बोळात न्यायला. १९०६ हा आकडा आईने फ्रिजवर लिहून चिकटवलाय. मार्चमध्ये सेल काढून ठेवायची आठवण मी करून देईन.